नाव सिद्धार्थ ठेवले, हाक कोणती मारता?



दिवेलागणीच्या वेळी आपल्या वस्तीतल्या कोणत्याही गल्लीत पाच मिनिटे उभे राहा. भाकरी थापल्याचा आवाज येत असतो, कुठे टीव्ही चालू असतो, आणि घराघरांतून मुलांना हाका चाललेल्या असतात. आपल्या मुलांची नावे किती सुंदर आहेत पाहा! सिद्धार्थ, राहुल, आनंद, मिलिंद, सुजाता, प्रज्ञा, संघमित्रा. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी याच वस्तीत कचरू, धोंडू, दगडू, उकिर्डा ही नावे होती. काही नावे मूल जगावे, त्याला कोणाची दृष्ट लागू नये म्हणून आईनेच ठेवलेली. काही गावाने चांगले नाव सहन केले नसते म्हणून ठेवलेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, आणि त्यानंतर एका पिढीच्या आत आपली नावे बदलली. हा बदल लहान नाही. ज्याने स्वतःच्या मुलाला सिद्धार्थ म्हटले, त्याने मुलाविषयी एक मोठी गोष्ट मनाशी धरली, असाच त्याचा अर्थ आहे.

पण आता जरा थांबून हाकाही ऐका. "ए गधड्या!" "तुझ्या टाळक्यात शेण भरलंय का?" "कार्ट्या, तुझ्यानं काही होणार नाही." मुलगी असेल तर, "तुला काय करायचंय शिकून, भांडी घास आधी." नाव तथागतांचे आणि हाक उकिरड्याची, असे आपल्या घरात होते की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. मला विचाराल तर माझ्या घरात झालेले आहे, आणि करणारा मी होतो. म्हणून हा लेख उपदेश म्हणून वाचू नका. चुकलेल्या माणसाने दुसऱ्याला वाटेतला खड्डा दाखवावा, तसा वाचा.

मी रावेर तालुक्यातला. आमचा हा भाग केळीचा. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत जिकडे पाहावे तिकडे केळीच्या बागा. रावेर, निंभोरा, सावदा या स्टेशनांवरून केळीच्या वॅगनी उत्तरेकडे जात. माझे वडील आयुष्यभर दुसऱ्यांच्या बागांतून घड कापत आणि वाहून आणत राहिले. खांद्यावर केळीचा चीक वाळून त्यांच्या बंड्यांना पडलेले काळे डाग कधी निघाले नाहीत. त्या मजुरीवर त्यांनी मला शिकवले आणि मी शिक्षक झालो.

गोष्ट २००१ सालची. माझ्या मुलाचा दहावीचा निकाल लागला. सत्तेचाळीस टक्के. मी शिक्षक, वस्तीतली दहा मुले माझ्याकडे शिकायला येणारी, आणि माझ्याच घरात सत्तेचाळीस! मला राग आला असे मी इतके दिवस म्हणत होतो. खरे सांगायचे तर मला लाज वाटली, आणि लाजेचा राग झाला. अंगणात चार माणसे बसलेली असताना मी मुलाच्या थोबाडीत मारली आणि म्हणालो, "तुझ्यानं काही होणार नाही. तू जा केळीचे घड उचलायला, तेवढीच तुझी लायकी." मुलगा काही बोलला नाही. तो आत निघून गेला.

माझे वडील ओट्यावर बसले होते. बऱ्याच वेळाने, माणसे उठून गेल्यावर, ते म्हणाले, "तू जे बोलला ना, ते मी आधी ऐकलेलं आहे." मी विचारले, कुठे? ते म्हणाले, "तू चौथी पास झाला होता तेव्हा मी बागाईतदाराकडे उचल मागायला गेलो होतो. पोराला पुढच्या शाळेत घालायचं म्हटलं. तो म्हणाला, तुमच्या पोरांच्यानं काही होणार नाही, घड उचलायला पाठव, तेवढीच तुमची लायकी. शब्दसुद्धा तेच." मग थोडे थांबून म्हणाले, "आणि एक सांग. घड उचलणं ही शिवी आहे का? त्याच घडांवर तू मास्तर झाला."

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. बागाईतदार कधीच वारला होता. त्याची बाग तुकड्यातुकड्यांनी विकली गेली होती. पण त्याचे वाक्य जिवंत होते, आणि ते सांभाळून ठेवले होते मी. पंचशील म्हणणाऱ्या, घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो असणाऱ्या माणसाने. ज्या वाक्याला माझ्या बापाने दारात अडवले आणि माझ्यापर्यंत येऊ दिले नाही, ते मी स्वतःच्या तोंडाने माझ्या मुलाच्या कानात घातले होते, आणि एकाच वाक्यात माझ्या बापाच्या घामाचाही अपमान केला होता.

तेव्हापासून मी एका प्रश्नाचा विचार करीत आलो आहे. मूल स्वतःला काय समजते हे कोण ठरवते? आणि ज्याला जगाने हीन ठरवले, त्याच्या घरात आई-बापांचे कर्तव्य काय?

मूल जन्माला येते तेव्हा त्याला स्वतःविषयी काहीच मत नसते. आपण हुशार की ढ, सुंदर की कुरूप, उच्च की नीच, हे त्याला ठाऊक नसते. स्वतःचा चेहरा जसा माणसाला आरशाशिवाय दिसत नाही, तसे स्वतःचे मोल मुलाला दुसऱ्याच्या डोळ्यांतून दिसते. चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली नेमकी हीच उपमा दिली होती: माणसाचा 'मी' हा लोकांच्या आरशात पडलेल्या प्रतिबिंबातून घडतो. आणि मुलाच्या हाती येणारा पहिला आरसा म्हणजे आईचा आणि बापाचा चेहरा.

दुसरा आरसा जगाचा. तो आपल्या लोकांना कसा मिळाला, हे सांगायला नको. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचीही तीच गत होती. केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय पती-पत्नींनी तीन ते सात वर्षांच्या लहान मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या, काही गोऱ्या तर काही तपकिरी. चांगली बाहुली कोणती, असे विचारल्यावर पुष्कळ काळ्या मुलांनी गोरी बाहुली उचलली. वाईट दिसणारी कोणती, तर तपकिरी. मग विचारले, तुझ्यासारखी कोणती? त्या वेळी काही मुले रडू लागली. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, त्या निकालात या प्रकारच्या संशोधनाचा आधार घेतलेला आहे. वेगळे बसवल्याने मुलाच्या हृदयाला जी जखम होते ती भरून निघणे कठीण, हे त्या न्यायालयाने मान्य केले. आपल्या बाबासाहेबांना ती जखम पुस्तकातून कळावी लागली नाही. साताऱ्याच्या शाळेत ते घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. शिपायाने वरून पाणी ओतले तर पाणी, शिपाई नसला तर तहान.

त्यांच्याच बालपणातला एक प्रसंग घ्या. १९०१ साल. वडील सुभेदार रामजी सकपाळ गोरेगावला नोकरीवर होते. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावले. मुलांसाठी नवे कपडे शिवले, झुळझुळीत टोप्या आल्या, रेशीमकाठी धोतरे आली. मुले आनंदात मसूर स्टेशनवर उतरली. त्यांचे कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. मुलांनी आपण महार आहोत असे सांगितले, आणि त्याचा चेहरा एकदम बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडीत बसेना. मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे, असे ठरले. अन्न जवळ असूनही पाणी मिळाले नाही म्हणून रात्र उपाशी काढली. घरच्या आरशाने मुलांना सांगितले होते, तुम्ही नीटनेटकी, लाडकी, शाळेत जाणारी मुले आहात. स्टेशनवरच्या आरशाने सांगितले, तुम्ही विटाळ आहात.

आता विचार करा. त्या मुलाचे पुढे काय व्हायला हवे होते? हजारो मुलांचे जे झाले तेच. मान खाली घालून त्याने जगाचा आरसा खरा मानायला हवा होता. तसे झाले नाही. का झाले नाही, याची कारणे अनेक आहेत, आणि बाबासाहेबांची बुद्धी व जिद्द ही त्यांची स्वतःची होती. परंतु घर कसे होते, हेही पाहण्यासारखे आहे.

सुभेदार रामजी कडक होते. लष्करी शाळेत शिकवलेला माणूस, शिस्त अंगात भिनलेली. मुलांनी रोज रात्री झोपण्यापूर्वी महाभारत-रामायणाचा भाग वाचलाच पाहिजे, असा त्यांचा दंडक. पुढे मुंबईत परळच्या एका खोलीत राहत असताना ते मुलाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत, आणि मग त्याला अभ्यासाला उठवून स्वतः आडवे होत. पुस्तकांसाठी पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणीत आणि गहाण ठेवीत. म्हणजे हुकूम सोडून ते मोकळे होत नव्हते. मुलाला दोन वाजता उठवणारा बाप दोन वाजेपर्यंत स्वतः जागा असे. कडकपणा आणि माया एकाच हातात होती, आणि मुलाला दोन्ही दिसत होत्या.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती त्यात आली नाही. पुढे ती प्रसिद्ध झाली. तिच्यात त्यांनी आपल्या वडिलांविषयी सांगितले आहे. भीमराव परीक्षा पास झाला म्हणून लोकांना जाहीर सभा भरवून त्याचा सत्कार करायचा होता. रामजींनी नकार दिला. पोराने एक परीक्षा पास केली, याउपर काय केले? अशाने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. शेवटी त्यांचे स्नेही दादा केळुसकर मध्ये पडले, तेव्हा सभा झाली. त्याच सभेत केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले. त्या एका पुस्तकातून पुढे आपल्या सर्वांच्या घरात कोणता उजेड आला, हे तुम्ही जाणताच.

पण मला सर्वांत मोठा वाटतो तो त्याच प्रस्तावनेतला पुढचा प्रसंग. मुलाने एके दिवशी बापाला विचारले, आपण ही महाभारत-रामायणे का वाचायची? त्यांत तर ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची निंदा आहे. रामजींनी दिलेले उत्तर ऐका. ते म्हणाले, आपण अस्पृश्य आहोत, तुझ्या मनात न्यूनगंड निर्माण होणे स्वाभाविक आहे. तो जावा म्हणून ही पुस्तके वाचायची. द्रोण, कर्ण ही लहान माणसे, पण किती उंचीला गेली! वाल्मीकी कोळी होता, त्याने रामायण लिहिले. मुलाचे समाधान झाले नाही. त्याने बापाला सांगितले की मला यातले कोणीच आवडत नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम, एकेकाचे दोष त्याने सांगितले. बाप गप्प राहिला. मुलाच्या मनात बंड आहे, हे त्याला कळले होते.

बाप गप्प राहिला, हे दोनदा वाचा. कबीरपंथी, धार्मिक, लष्करी शिस्तीचा बाप. ज्या ग्रंथांवर त्याची श्रद्धा, त्यांवर पोरगा टीका करतो आहे. त्या काळी काय, आजसुद्धा शंभरातल्या किती बापांचा हात उठल्याशिवाय राहिला असता? रामजींचा उपाय चुकीचा होता. मुलाला त्या ग्रंथांत स्वाभिमान सापडला नाही, तो पुढे त्याला बुद्धांच्या मार्गात सापडला. पण रामजींनी तीन गोष्टी बरोबर केल्या. त्यांनी जखम लपवली नाही, तिचे नाव घेतले. ती मुलाचा दोष नाही, परिस्थितीमुळे स्वाभाविक आहे, असे सांगितले. आणि मुलाने विरोध केला तेव्हा त्याला तो करू दिला. बापासमोर 'मला पटत नाही' म्हणता आलेला मुलगा पुढे जगासमोर ते म्हणू शकला, असे मला वाटते.

मानसशास्त्रज्ञांनी पुढे जे शोधून काढले ते याच्याशी जुळते. १९६० नंतरच्या दशकात डायना बॉमरिंड यांनी कॅलिफोर्नियात लहान मुलांच्या घरांचा अभ्यास केला आणि आई-बापांच्या तीन तऱ्हा सांगितल्या. पहिली हुकमी: मी सांगतो म्हणून कर, विचारू नकोस. दुसरी सैल: जे मागशील ते घे, बंधन नाही. तिसरी अशी की तीत नियम पक्के असतात, पण नियमाचे कारण सांगितले जाते, आणि मुलाचे म्हणणेही ऐकले जाते. १९८३ साली मॅकोबी आणि मार्टिन या संशोधकांनी चौथी तऱ्हा जोडली: नियमही नाही आणि मायाही नाही, म्हणजे दुर्लक्ष. स्टॅन्ली कूपरस्मिथ यांनी दहा-बारा वर्षांच्या मुलग्यांच्या आत्मसन्मानावर केलेला अभ्यास १९६७ साली प्रसिद्ध केला. ज्या मुलांना स्वतःविषयी आदर होता, त्यांच्या घरी पैसा जास्त होता किंवा मोकळीक अमर्याद होती, असे दिसले नाही. मुलाला मनापासून आपले मानणे, मर्यादा स्पष्ट असणे, आणि त्या मर्यादेच्या आत त्याच्या मताला मान देणे, या तीन गोष्टी तेथे दिसल्या. ही परदेशातली मुले आहेत, आपली परिस्थिती निराळी आहे, हे खरे. पण या चारही तऱ्हा आपल्या गल्लीत दिसतात की नाही, तुम्हीच सांगा.

हुकमी तऱ्हा माझी. "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे आणि तू?" असे म्हणून आपण मुलाच्या डोक्यावर बाबासाहेबांनाच दगडासारखे ठेवतो. ज्यांनी आपल्याला उभे केले, त्यांच्याच नावाने मुलाला खाली दाबतो. सैल तऱ्हा नव्या पगारदारांची: "आम्ही भोगलं, पोराला काही कमी पडू नये." मग मोबाइल येतो, मोटारसायकल येते, आणि मुलाला एकच गोष्ट कळते की आपली किंमत वस्तूंनी ठरते. चौथी तऱ्हा दारूच्या घरातली, किंवा पोटासाठी दिवसभर राबून मुलाशी चार शब्द न बोलू शकणाऱ्या घरातली. या दोघांत फरक आहे; दुसऱ्याला दोष देता येत नाही. तरीही मुलाला वाटते ते सारखेच: मी आहे काय आणि नाही काय!

येथे कोणी जाणता उपासक विचारील, "अहो, तथागतांनी तर अनात्म शिकवला. 'मी' नाहीच म्हटल्यावर मुलाचा 'मी' कशाला जपता? हा अहंकार वाढवणे नाही का?" प्रश्न योग्य आहे. पण अनात्म म्हणजे काय? कायम, न बदलणारे असे कोणतेही 'मी' नाही. माणूस कारणांनी घडतो आणि कारणे बदलली की बदलतो. मग "तू ढच आहेस", "तुझी लायकीच ती", असे म्हणणे हाच आत्मवाद नव्हे काय? आपण मुलाच्या अंगावर एक कायमचा आत्मा चिकटवतो आणि त्याचे नाव 'ढ' ठेवतो. जातीनेही आपल्याला हेच केले होते. जन्माने कोणी वृषल होत नाही, कर्माने होतो, हे तथागतांनी सांगितले ते याच दुराग्रहाविरुद्ध. शिवाय बौद्ध विचारात 'मान' तीन प्रकारचा सांगितला आहे: मी श्रेष्ठ, मी बरोबरीचा, आणि मी हीन. 'मी हीन' हाही मानच, हेही बंधनच! आपल्याला वाटते की मुलाला कमी लेखले की तो नम्र होतो. तो नम्र होत नाही, तो फक्त हीनतेला बांधला जातो, आणि संधी मिळाली की आपल्याहून दुबळ्यावर श्रेष्ठपणा गाजवतो. मी स्वतः तेच केले नव्हते काय?

तथागतांनी मुलाला कसे शिकवले, याचे उदाहरण आपल्यापुढे आहे. अंबलट्ठिका येथे राहुलाची भेट घ्यायला ते गेले. राहुल त्यांचा पुत्र. अट्ठकथा सांगते की तेव्हा तो सात वर्षांचा होता. विषय होता खोटे बोलण्याचा. तथागतांनी पाय धुऊन भांड्यात थोडे पाणी ठेवले आणि राहुलाला ते दाखवले: जाणून खोटे बोलायला ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणत्व एवढेसेच. मग ते पाणी फेकले. मग भांडे उपडे केले. मग सरळ करून रिकामे दाखवले. प्रत्येक वेळी तोच धडा. बोलणे किती कठोर आहे पाहा! पण शिवी नाही, हात उगारणे नाही, 'तू खोटारडा' असा शिक्का नाही. आणि शेवटी त्यांनी विचारले, राहुल, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहा: यातून मला किंवा दुसऱ्याला दुःख होते काय?

आपण मुलाच्या हाती आपल्या रागाचा आरसा देतो. तथागतांनी राहुलाच्या हाती त्याचा स्वतःचा आरसा दिला. लोक काय म्हणतील, बाप काय म्हणेल, यापेक्षा माझ्या कृतीचे फळ काय, हे पाहायला शिकलेल्या मुलाला पुढे मसूर स्टेशन लागले तरी तो मोडत नाही. समोरच्याचा चेहरा बदलला तर त्याला कळते की दोष त्या चेहऱ्याचा आहे.

सिगालोवाद सुत्तात आई-बापांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: मुलाला वाइटापासून आवरणे, चांगल्याकडे लावणे, विद्या-कला शिकवणे, अनुरूप जोडीदार पाहून देणे, आणि योग्य वेळी वारसा सोपवणे. पहिलेच कर्तव्य आवरण्याचे आहे. म्हणजे धम्म सैलपणा सांगत नाही. पण पाचांत दहशतीला जागा नाही. आणि वारसा म्हणजे शेतीवाडीच असे समजू नका. आपल्यातल्या बहुतेकांकडे सातबारा नव्हताच. आपण मुलांना जी भाषा देतो, तोच आपला वारसा. मी जवळजवळ बागाईतदाराची भाषा वारशात देऊन बसलो होतो.

मुलींविषयी वेगळे सांगायला हवे, कारण तेथे आपण अजून जुन्याच वाटेवर आहोत. राणी मल्लिकेला मुलगी झाली म्हणून राजा पसेनदी खिन्न झाला, तेव्हा तथागतांनी त्याला समजावले की मुलगीही मुलाहून सरस निघू शकते. अडीच हजार वर्षे झाली. तरी मुलगा अभ्यासाला बसलेला असताना त्याच्या ताटाखालची जागा पुसायला आपण बहिणीला उठवतो, आणि तिला न बोलता शिकवतो की तू दुय्यम आहेस. आरसा शब्दांचाच असतो असे नाही.

आता काय करावे, ते थोडक्यात. चूक झाली तर चुकीला नाव द्या, मुलाला देऊ नका. 'हे गणित चुकले' आणि 'तू मूर्ख आहेस' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. चार लोकांत मुलाचा अपमान करू नका. आपल्या बापजाद्यांचा अपमान नेहमी चार लोकांतच होत असे. शाळेत मारणे आणि मानसिक छळ करणे शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने बंद केले. जे मास्तराला मना आहे, ते घरात बापाला शोभते काय? स्तुती करा, पण कष्टाची करा. जातीचा इतिहास मुलापासून लपवू नका. आडनाव बदलून, गाव बदलून पुष्कळांनी पाहिले. मुलाला तो एक दिवस बाहेरून कळतो, आणि तेव्हा सांभाळायला जवळ कोणी नसते. तो घरात, आपल्या तोंडून, आपल्या आजोबांच्या कष्टासह आणि बाबासाहेबांच्या लढ्यासह कळू द्या.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत जड गेली. निकालाच्या तिसऱ्या दिवशी मी मुलासमोर बसलो आणि म्हणालो, "माझं चुकलं." बाप मुलाची माफी मागतो याने बापाचा दरारा जातो, असे मलाही वाटत असे. पण वर्षावासाच्या अखेरीस पवारणेच्या दिवशी स्वतः तथागतांनी भिक्षुसंघाला विचारले होते की, माझ्या कायेत वा वाचेत काही दोष दिसला काय? ज्यांच्यात दोष नव्हता त्यांनी विचारले. मग सत्तेचाळीस टक्क्यांवर थोबाडीत मारणाऱ्या मास्तराने विचारायला काय हरकत? मुलगा काही बोलला नाही. त्याने फक्त विचारले, "आबांना पण म्हणाले का?" तेव्हा मी उठून ओट्यावर गेलो आणि वडिलांचीही माफी मागितली.

मुलगा पुढे कलेक्टर झाला, असे मी सांगावे अशी तुमची अपेक्षा असेल तर ती सोडा. त्याने आयटीआय केले, तो वायरमन आहे, आणि आपल्या कामात पक्का आहे. आज तो स्वतः बाप आहे. परवा त्याच्या मुलीने पाटीवर अक्षर उलटे काढले. तिने भीत भीत पाटी त्याच्यापुढे धरली. तो म्हणाला, "अक्षर उलटं झालं. पुसून पुन्हा काढ, मी इथंच बसलोय." मी शेजारीच होतो. माझ्या कानांना ते वाक्य नवे होते. आमच्या घरात ते पूर्वी कोणी बोललेले नव्हते.

आमच्या भागात केळीचा घड भरू लागला की झाडाला बांबूचा टेकू देतात. टेकू झाडाच्या डोक्यावर बसत नाही आणि झाडाला सोडूनही जात नाही. वादळ येईल तेव्हा शेजारी असतो. येत्या आश्विन पौर्णिमेला, पवारणेच्या दिवशी, घरातल्या लहानांना जवळ बसवा आणि एकदा विचारून पाहा: "बाळा, माझ्याकडून तुला काही लागलं का?" उत्तर ऐकायला कठीण जाईल. तरी ऐका. आणि मग त्याला त्याच्या नावाने हाक मारा. आपण फार विचार करून ठेवलेले नाव आहे ते.

जय भीम!